तिसऱ्या दिवशीचा घोडा: काळजी की झाकपाक?

खरारा: टोकियो ऑलिंपिकच्या (२०२१) इव्हेंटिंगचे व्हिडिओ परत पाहिले. (इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याने आधी ड्रेसाज म्हणजे शिस्तीच्या चाली, मग क्रॉसकंट्री म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड, आणि शेवटी मैदानातल्या उड्या.) आपला फवाद मिर्झा आणि त्याचा घोडा सेन्यूर मेडिकॉट २३वे आले याचं कौतुक आहेच. पण क्रॉसकंट्रीनंतरच्या रात्री पागेत काय चालतं, ते मला खुपतं. पायांना बर्फ, गार मातीचा लेप, वर पट्ट्या, मध्येमध्ये लगाम धरून फेऱ्या. दुसऱ्या दिवशी उड्यांच्या फेरीआधी पशुवैद्यासमोर दुडकी चालवायची, घोडा सरळ चालला की पास! दुखरा पाय एका सकाळीपुरता गप्प बसवायचा, याला मी काळजी म्हणणार नाही.

चंदीचोर: अर्धवट माहिती. बर्फाने येणारा बधिरपणा फार वेळ टिकत नाही. पहाटे तीनला काढलेला बर्फ सकाळी नऊला काय लपवणार? तो सूज वाढू नये म्हणून असतो. खरी झाकपाक औषधांनी होते, आणि फिनाइलब्युटाझोन हे दुखणं दाबणारं औषध स्पर्धेच्या वेळी रक्तात सापडलं तर घोडा बाद. शिवाय टोकियोत अंतिम फेरी गाठणाऱ्या घोड्यांना एकाच संध्याकाळी दोनदा उड्या मारायच्या होत्या. लंगडा घोडा तिथवर पोचतच नाही.

खरारा: आणि तपासणीच्या अर्धा तास आधी लावलेला बर्फ? तो कशासाठी असतो, सांगा बरं.

चंदीचोर: तसं करणारा लबाडच. त्यासाठी रात्रभर जागणाऱ्या मोतद्दाराला चोर का ठरवता?

जुना रिसाला: बर्फाचं नंतर बघू, मुळात तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतायचंच कशाला? आमच्याकडे नियम होता: आधी चालवा, अंग निवू द्या, ओल्या फडक्याने पुसा, पाणी घोटघोट द्या. नाहीतर पुठ्ठे आखडतात.

चंदीचोर: काका, आदर आहे, पण हे मागे पडलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी, तिथला दमट उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून, यावर बराच अभ्यास झाला. गार पाणी सगळ्या अंगावर, न थांबता ओतत राहिलं तर ताप लवकर उतरतो. पुठ्ठे आखडत नाहीत. एक बादली ओतून तिथेच निथळायला बसू नका, पुढची बादली ओता. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश. क्रॉसकंट्रीनंतर ते सहज ४० च्या वर जातं, म्हणून थर्मामीटर खिशात हवा. आणि पाणी तोडू नका. घोड्याच्या घामातून इतकं मीठ जातं की अंगातलं पाणी संपत आलं तरी त्याला तहान लागेलच असं नाही. क्षार द्या, पण सोबत पाणी पाजून. नुसते क्षार पोटात गेले तर उलटा त्रास.

जुना रिसाला: पाण्याचं मानतो. पण आमच्या वेळी क्रॉसकंट्रीआधी लांब रपेट असायची, स्टीपलचेस (अडथळ्यांवरून भरधाव दौड) असायचा आणि मग दहा मिनिटांचा सक्तीचा थांबा. पशुवैद्य नाडी बघून ठरवायचा की घोडा पुढे जाणार की परत. ऑलिंपिकमधून ते २००४ ला, अथेन्सपासून गेलं. तो थांबा चांगला होता.

दुडकी: थांबा चांगला, पण त्याआधीच घोडा किती दमायचा तेही सांगा की! आणि टोकियोत स्वित्झर्लंडचा जेट सेट हा घोडा क्रॉसकंट्रीतच लंगडला. अस्थिबंध तुटला होता, त्याला दयामरण द्यावं लागलं. तिथे बर्फही आड आला नव्हता आणि पट्टीही. मला खराऱ्याचा मुद्दा चुकीच्या रात्रीला चिकटलेला वाटतो. रोज सकाळी एकाच माणसाने चारही पायांवरून हात फिरवावा, म्हणजे काल नसलेली ऊब आज कळते. बर्फ लावायच्या आधी हा हात फिरला पाहिजे, बस्स.

खरारा: ऊब कळली, आणि मालकाने लाखभर रुपये गाडीभाड्याला घातलेत. मग?

दुडकी: मग घोडी परत न्यायची. मी नेली आहे. डावा पुढचा पाय, टाचेच्या वर, अंगठ्याएवढी जागा गरम. ती ठणठणीत चालत होती, तपासणीत नक्की पास झाली असती. मालक महिनाभर बोलला नाही.

खरारा: आणि घोडी?

दुडकी: सहा आठवडे पागेत. आता परत उड्या मारते, आणि मालकाला वाटतं ते त्याच्या मालिशच्या तेलाने झालं.