मदत हवी आहे: मॅनक्यू यांच्या पुस्तकातला तिसरा धडा, 15 बटाटेच का?

नमस्कार मंडळी,

ग्रेगरी मॅनक्यू यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' माझं मीच वाचते आहे. शिकवणारं कुणी नाही. पहिले दोन धडे भराभर झाले, पण देवाणघेवाणीच्या फायद्यावरच्या तिसऱ्या धड्यात चार दिवस अडकले आहे.

पुस्तक हाताशी नसेल त्यांच्यासाठी उदाहरण सांगते. एक शेतकरी, एक पशुपालक, दोघेही रोज 8 तास राबणारे. 1 औंस मांसाला शेतकऱ्याची 60 मिनिटं जातात, 1 औंस बटाट्यांना 15. पशुपालकाची 20 आणि 10. म्हणजे दोन्ही कामांत पशुपालकच वरचढ, आणि तरी पुस्तक म्हणतं की अदलाबदल केली तर दोघांचंही भलं होईल.

मला पटेना, म्हणून वही घेऊन बसले. दोघांनी दोन्ही कामांना 4-4 तास देऊन आपापलं पिकवून खाल्लं तर शेतकऱ्याला मिळतं 4 औंस मांस आणि 16 औंस बटाटे, पशुपालकाला 12 आणि 24. आता शेतकऱ्याने फक्त बटाटे लावले की 32 होतात. पशुपालकाने 6 तास मांसाला आणि 2 तास बटाट्यांना दिले की 18 आणि 12. मग पशुपालकाने 5 औंस मांस दिलं आणि त्याबदल्यात शेतकऱ्याने 15 औंस बटाटे. शेवटी शेतकऱ्याकडे 5 आणि 17, पशुपालकाकडे 13 आणि 27. कुणी एक मिनिटही जास्तीचं काम केलेलं नाही! बेरीज तीनदा तपासली.

वाढ कुठून आली तेही उमगलं. घड्याळाकडे बघायचं नाही, एक मिळवताना दुसरं किती सोडावं लागतं ते बघायचं. 1 औंस मांसासाठी शेतकऱ्याला 4 औंस बटाट्यांवर पाणी सोडावं लागतं, पशुपालकाला फक्त 2. हाच संधी खर्च.

माझी अडचण यापुढे सुरू होते. 15 हा आकडा आला कुठून? 1 औंस मांसाला किती औंस बटाटे, हा दर 2 आणि 4 च्या मध्ये हवा, एवढं पुस्तक सांगतं. मी 15 च्या जागी 11 घालून पाहिले. पशुपालकाला एकट्याने 13 औंस मांस मिळवायचं तर बटाटे 22 च उरतात, इथे 23 उरले. फायदा जेमतेम 1. शेतकऱ्याचा मात्र 9! 19 घातले की नेमकं उलटं. 15 ला दोघांना 5-5. म्हणजे 10 औंसांचा फायदा वाटायचा आहे आणि पुस्तकाने निवडलेल्या आकड्याने तो बरोब्बर निम्मानिम्मा वाटला जातो. 'दोघांचं भलं' हे खरंच, पण 9 आणि 1 हेसुद्धा दोघांचं भलंच झालं ना? ही वाटणी कोण ठरवतं? कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा, पुढचं पान उलटवत नाहीये.

प्रतिसाद

तुम्ही योग्य जागी अडकला आहात. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन हाच हिशेब मांडला होता, पण दर दोन टोकांच्या मध्ये नेमका कुठे स्थिरावतो हे त्यात सुटत नव्हतं. ते पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनी सोडवलं: एकाला दुसऱ्याच्या मालाची किती निकड आहे आणि दुसऱ्याला पहिल्याच्या मालाची किती, यावरून दर ठरतो. याला परस्पर मागणी म्हणतात.

माणसं दोनच असतील तर ती घासाघीसच. 11 ही होऊ शकतात, 19 ही. पण असे शेतकरी आणि पशुपालक पुष्कळ आहेत असं समजा. तुमच्या वहीत पशुपालक अजूनही 2 तास स्वतः बटाटे लावतो आहे. बाहेर एका औंस मांसाला 2 पेक्षा जास्त बटाटे मिळत असतील तर तो ते 2 तास मांसाला का देणार नाही? सगळेच पशुपालक तसं करू लागले की मांस वाढतं आणि दर घसरतो. ते स्वतःही बटाटे लावत राहतील असा दर एकच, 2. म्हणजे 10 च्या 10 शेतकऱ्याच्या पदरात, दोन्ही कामांत मागे असलेल्याच्या.

चौथा धडा मागणी-पुरवठ्याचा आहे, तो आता बिनधास्त उघडा. आणि 15 च्या जागी 10 घालून एकदा हिशेब करून बघा.