"सांगतेय" लिहिलं आणि मुद्दा हलका झाला

पाणवठा:
उसाच्या पाण्यावरून मागे एक वाद रंगला होता. माझं म्हणणं साधं: पाणी एकरी मोजायचं की टनामागे, हे आधी ठरवा, मग भांडा. दहा-बारा दिवस झकास चाललं. "मुद्दा सडेतोड आहे", "सर, हे आकडे कुठले?" वगैरे. मी काही लपवत नव्हते, पण "मला वाटतं", "मी वाचलं", "माझा आक्षेप आहे" यांतून बाई की बुवा ते कळत नाही. मराठीची ती एक सोयच. मग एकदा घाईत लिहून गेले, "मी कधीपासून हेच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी मी ताई झाले. "ताई, चिडू नका." "ताई, भावनेच्या भरात लिहिलंय तुम्ही." एकानं माझाच जुना परिच्छेद चिकटवून विचारलं, "हा थयथयाट कशासाठी?" त्याच परिच्छेदाखाली आठवड्यापूर्वी त्याचंच "+१" होतं!

आकांडतांडव शब्दाचंही तेच. तांडव शंकराचं, पण वादात ते पडतं बाईच्याच पदरात.

खवचट:
ताई म्हटलं तर बिघडलं कुठे? अनोळखी बाईला आपल्याकडे असंच म्हणतात. आणि वादात सालटी सगळ्यांचीच निघतात. मला परवा एकानं "बांगड्या भरा" म्हटलं. मी नाही धागा काढला.

पाणवठा:
तुम्हाला हिणवायलाही बांगडीच लागली, बघा. आणि एकदा "दादा, चिडू नका" असं लिहून पाहा. समोरचा खरंच चिडेल.

शेंडेफळ:
नावांचंही तसंच आहे. कुरुंदकर, नेमाडे, मर्ढेकर आडनावानं. दुर्गाबाई, इरावतीबाई मात्र पहिल्या नावानं. समीक्षेतसुद्धा!

निमशहरी:
हे ताणलेलं आहे. पुलं, जीए, विंदा ही काय आडनावं आहेत? १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या बाईंना लोक दुर्गाबाई म्हणतात ते आदरानं. नुसतं भागवत म्हटलं तर कोणते भागवत, ते आधी विचारावं लागेल.

मूळ तक्रारही मला पटत नाही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, तेव्हा सौम्य बोला अशी विनवणी केली का कुणाला? सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा खटला चालला, त्यानं पेटून उठल्या आणि फटकारलं. भाषा धारदार असेल तर ताई म्हणोत नाहीतर माई, मुद्दा पोचतो.

शेंडेफळ:
पोचला ना. इतका पोचला की पाठराखण करायला जोतीरावांना १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात लिहावं लागलं. आणि ताराबाईंचं छापलेलं पुस्तक ते एकच. धार कमी पडली होती का?

(पुलं-जीएंचं मान्य. पण त्यांच्यापुढे कुणी "बुवा" लावत नाही.)

रंकाळा:
क्रियापदावर फार भिस्त ठेवू नका. आमची आई कोल्हापूरची, "मी जेवलो, मी आलो" असंच बोलते. तिकडे कितीतरी बायका बोलतात. पण ग्रामसभेत ती पाण्याच्या पाळीबद्दल बोलायला उठली की "बसा वहिनी" ठरलेलं. पाटाची चावी कुणाकडे असते आणि पाळी कुणाची चुकवली, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नाही.

खवचट:
वहिनींचं वाचून जरा गप्प बसलो. बांगडीवाला मुद्दा मागे घेतो, ताईचा नाही. पण ते राहू दे, एकरी की टनामागे? ते अजून कुणीच सांगितलं नाही.

पाणवठा:
एकरी, पण महिन्यांनी भागून. आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवतो, ज्वारी चार महिन्यांत निघते. दोघांचं पाणी एका मापात कसं धरणार? तेव्हाही हेच लिहिलं होतं.