मदत हवी आहे: आयरिश टीव्हीच्या 1961 वरच्या लेखातली नावं मराठीत कशी लिहू?

आयर्लंडचं राष्ट्रीय टीव्ही चॅनल 31 डिसेंबर 1961 च्या संध्याकाळी सुरू झालं, त्यावर मराठीत लेख लिहितेय. माहिती जमलीये, म्हणजे 1960 चा ब्रॉडकास्टिंग कायदा, राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरांचं उद्घाटनाचं भाषण (टीव्हीची तुलना त्यांनी चक्क अणुऊर्जेशी केली, भलंही होईल आणि मोठं नुकसानही, हे मला फार आवडलं), मग डब्लिनच्या ग्रेशम हॉटेलातून नववर्षाचा लाइव्ह कार्यक्रम.

अडलंय ते चॅनलच्या नावापाशी. इंग्रजी स्पेलिंग बघून 'टेलिफिस आयरियान' लिहिलं होतं, पण आयरिश क्लिप ऐकली तर शेवटी 'श' येतो, 'टेलिफीश एरन' असं काहीतरी. ऑफिसातल्या आयरिश मैत्रिणीला विचारलं, तीही 'श'च म्हणाली, पण दुसरा शब्द मला कधी एरन तर कधी एरिन ऐकू येतो. 1966 मध्ये नाव बदलून आरटीई झालं, त्याच्या पूर्ण नावातही हेच दोन शब्द आहेत, म्हणून एकच स्पेलिंग शेवटपर्यंत ठेवायचंय. कंसात रोमन लिपी नकोय, आणि नावाचं भाषांतरही नको.

तिकडे राहणाऱ्यांनी किंवा आयरिश शिकलेल्यांनी प्लीज सांगा, एरन लिहू की एरिन? आणि डी व्हॅलेरांचं पहिलं नाव एमन की इमॉन?