परतलेल्या पोरांनी मजुरी बिघडवली म्हणे!

माळरान
काल एका कोथरूडकर शेतमालकांनी इथे लिहिलं, लॉकडाऊनमध्ये परतलेल्या पोरांनी गावची मजुरी बिघडवली. फुकटचं रेशन खातात, पारावर बसतात, पाचशेच्या खाली हलत नाहीत. गप्प बसणार होतो, पण झोप लागेना.

मी २०२० च्या मे महिन्यात चाकणहून परांडा तालुक्यात परतलो. कंत्राटी होतो, पहिलं नाव आमचंच कापलं. गावात तीस-चाळीस पोरं आलेली, कामं तेवढीच. एरवी मालक आमच्या दारात यायचा, त्या खरिपात आम्ही मालकाच्या दारात. सोयाबीनच्या खुरपणीला तीनशेची हजेरी अडीचशेवर आली. रोजगार हमीचा (रोहयो) दर तेव्हा दिवसाला २३८ रुपये. देशात २०१९-२० ला रोहयोचे २६५ कोटी मनुष्यदिवस झाले होते, पुढच्या वर्षी ३८९ कोटी. पोरं माजली असती तर २३८ रुपयांसाठी एवढी गर्दी झाली असती का? हजेरी वाढली ती आम्ही पुन्हा चाकणला आल्यावर.

अकरा_एकर
ती पोस्ट माझीच. कोथरूडकर म्हणून हिणवू नका, शिरूरला वडिलोपार्जित जमीन आहे, दर शनिवारी जातो. कांदा लागणीला माणूस मिळत नाही. टोळीवाले उक्तं, म्हणजे एकरकमी ठरवून मागतात, तेही आधी उचल घेऊन, आणि शेजाऱ्याने पाचशे जास्त दिले की फोन बंद. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो धान्य फुकट. कामाला कोण कशाला येईल?

कसब्यातला
पाच किलोत महिना काढून दाखवा, मग बोलू.
पण माळरान, तुमचंही अर्धंच खरं. श्रमशक्ती सर्वेक्षणात शेतीतल्या रोजगाराचा वाटा २०१८-१९ ला ४२.५ टक्के होता, २०२०-२१ ला ४६.५. यातले किती दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेले? बरेचसे घरच्याच वावरात, चौघांच्या कामाला सहा जण. कागदावर रोजगार, हातात दमडी नाही.

आवणी
बाईची हजेरी कुणी विचारणार आहे का? माझं माहेर भोर तालुक्यात. आई दरवर्षी बायांची टोळी घेऊन भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला जायची. २०२० ला घरोघरी मुंबई-पुण्याची पोरं. बंद पडलेलं इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या शेतात बिनमजुरीनं राबणं, पुन्हा सुरू झालं, सगळ्यांना केवढं कौतुक! आईच्या टोळीला मात्र एकही खाचर मिळालं नाही. वर घरात दोन भाऊ आणि एक भावजय वाढलेली, भाकरी थापायला आईच.

अकरा_एकर
ताई, वाईट वाटलं. पण बाई अकराला येते, पाचला जाते. फवारणीचा पंप बाप्याच उचलतो. दर सारखा कसा असेल?

आवणी
अकराला येते कारण त्याआधी पाणी, डबे, शेण-गोठा उरकून येते. आणि कांदा लावायला दिवसभर वाकलेला बाप्या दाखवा एखादा. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, दादा. रोहयोवर बाई-बाप्याला एकच दर मिळतो, तेच खुपतं तुम्हाला.

कसब्यातला
धागा परतलेल्या मजुरांवर होता. भरकटलाय.

आवणी
मजूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पँट घातलेलाच येतो, त्याला मी काय करू? पोरं आली तेव्हा आधी बायांचं काम गेलं. विषय हाच आहे.

माळरान
हे मात्र मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे खुरपणी बायांचीच असायची. त्या वर्षी आम्ही पोरांनी खुरपी घेतली. बाया कुठं गेल्या, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अकरा_एकर
बरं बाबा, घ्या. २०२० ला पावसाळी कांद्याची लागण माझी चार दिवसांत उरकली, तीही स्वस्तात. खोटं कशाला बोलू? आता समाधान झालं असेल तर यंदाचं बोला. यंदा माणूस कुठाय?

माळरान
चाकणला. बारा तासांची पाळी आणि खोलीत सहा जण. या एकदा, शनिवारी शिरूरला जाता-जाता.

अकरा_एकर
चाकण माझ्या वाटेवर नाही. ताई, बायांना ३५० देतो, तुमच्या आईच्या टोळीला विचारा.

आवणी
बाप्यांना किती देताय ते आधी लिहा.