इस्राएलचा उगम : उत्खननाचा पुरावा कुठून वाचायला घेऊ?

सायली_ठाणे
शेजारच्या बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू समाजातल्या) काकूंनी वल्हांडण सणाच्या जेवणाला बोलावलं होतं. इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) सुटल्याची गोष्ट तिथे पहिल्यांदा नीट ऐकली. घरी येऊन मराठी बायबलमधलं निर्गम आणि यहोशवा वाचून काढलं. यातलं जमिनीत काय सापडलंय? यूट्यूबवर तांबड्या समुद्रात रथाची चाकं सापडल्याचे व्हिडिओ आहेत, ते खरे का?

पांढरीची_माती
सायलीताई, चाकं सोडून द्या. तपासता येईल असं एकही चाक कुणी पुढे ठेवलेलं नाही.

मर्नेप्ताह या मिसरी फारोच्या (राजाच्या) कोरीव शिळेपासून सुरू करा. १८९६ मध्ये उत्खननकार पेट्री यांना ती मिसरातल्या थेब्जला मिळाली. काळ इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा. त्यात फारो म्हणतो, इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. अश्कलोन, गेझर या शहरांच्या नावांना मिसरी चित्रलिपीतली प्रदेशाची खूण जोडलीय, इस्राएलला मात्र माणसांची. या एका खुणेपाशी मी तासन्‌तास घालवलेत! त्या नावाचे लोक तेव्हा कनानात (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भागात) होते, एवढं पक्कं.

यहोशवाने तट पाडून जिंकल्याचं बायबल सांगतं त्या यरीहोचं मात्र जुळत नाही. उत्खननकार कॅथलीन केन्यन यांनी तिथे १९५२ ते ५८ खणलं, पण यहोशवाच्या काळात पाडायला तिथे तटबंदीचं शहरच नव्हतं. त्याने जिंकल्याचं सांगतात ते दुसरं शहर, आय, तर त्याआधी हजारेक वर्षं ओस होतं.

खरी गंमत कनानच्या डोंगराळ भागात आहे. इ.स.पू. १२०० नंतर तिथे अडीचशेच्या आसपास लहान वस्त्या उभ्या राहिल्या. मडकी कनानी वळणाची, डुकराची हाडं जवळजवळ नाहीत. म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात, हे लोक मुख्यतः कनानातलेच. फिंकेलश्टाइन आणि सिल्बरमन यांचं ‘द बायबल अनअर्थ्ड’ (२००१) घ्या.

जुना_करार
तेवढंच वाचून थांबू नका, उत्खननकार विल्यम डेव्हर यांचंही वाचा. यहोशवाने जाळल्याचं बायबल सांगतं ते हासोर शहर इ.स.पू. तेराव्या शतकात जळालं हे खरंच आहे, कुणी जाळलं यावर वाद आहे. शिवाय मोशे, फिनहास ही नावं मिसरी वळणाची. निर्गमात म्हटल्याप्रमाणे सहा लाख पुरुष निघाले असते तर वाटेतल्या सीनायच्या वाळवंटात खूण राहिली असती. शेदोनशे माणसांची राहणार नाही. त्यामुळे ‘सगळं रचलेलं’ असं म्हणायची मला घाई वाटत नाही.

सायली_ठाणे
दोघांचे आभार. काकूंना शिळेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या नवगावला फुटलं त्याचाही लेख नाही, पण किनाऱ्यावर कबरी आहेत. आधी डेव्हर घेऊ की फिंकेलश्टाइन?

पांढरीची_माती
फिंकेलश्टाइन. ‘इस्राएली कोण होते’ हे प्रकरण सगळ्यात आधी. काकूंना घेऊन वाचा.