दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब आणि आतली साडी, दोन्ही एका फोटोत कसं आणायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, स्ट्रीट फोटोग्राफीत एका ठिकाणी अडलोय, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

पुण्यात लक्ष्मी रोडवर कुंटे चौकाच्या आसपास साडीच्या दुकानांच्या ज्या मोठ्या काचा आहेत ना, त्यांचे फोटो काढायचेत. आत पैठणी नेसवलेला पुतळा आणि त्याच काचेत मागून पिशव्या सांभाळत चाललेल्या बायका, स्कूटरवाले, समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं. डोळ्याला फार सुंदर दिसतं, फोटोत मात्र नुसती गिचमिड येते, बघणाऱ्याला कळतच नाही की नक्की कशाकडे बघायचं.

मला आरपार काच नकोय आणि नुसता आरसाही नकोय. बाई रस्त्यावरच उभी आहे पण आतली साडी तिच्या अंगावर आल्यासारखी दिसतेय, असा फोटो हवाय. फोटोग्राफर सॉल लायटरचे न्यूयॉर्कमधले काचेतून काढलेले फोटो बघितल्यापासून हे डोक्यातून जात नाहीये.

अडचण अशी की ऑटोफोकस पुतळ्यावर बसतो आणि प्रतिबिंबातली माणसं धुरकट येतात, फोकस माणसांवर नेला तर साडी जाते. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. शिवाय काचेसमोर सरळ उभं राहिलं की मीच मधोमध येतो. फोटोग्राफर विवियन मायर काचेत, आरशात मुद्दाम स्वतःला आणायची, तिचे ते फोटो मला अतिशय आवडतात, पण इथे मला मी नकोय. सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी आणि प्रतिबिंब कमी करणारा) घेऊ का? त्याने प्रतिबिंबच गेलं तर काय उपयोग?

पावसात मंडईसमोरच्या डबक्यात त्या १८८६ च्या दगडी इमारतीचं प्रतिबिंब मोबाईल उलटा धरून, लेन्स पाण्याला टेकेल इतकी खाली नेऊन छान मिळतं. तिथे काही अडत नाही, प्रश्न काचेचाच आहे.

प्रतिसाद १

फोकसचं आधी सांगतो. प्रतिबिंबातला माणूस कॅमेऱ्याच्या दृष्टीने काचेवर नसतोच, काचेच्या पलीकडे असतो. तुम्ही काचेपासून १ मीटरवर आणि बाई काचेपासून ३ मीटरवर, तर फोकस ४ मीटरला लागणार, आणि साडी असते जेमतेम दीड मीटरवर. म्हणून लेन्स १८ मिमीवर ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, मॅन्युअल फोकस साधारण २ मीटरवर, की १ मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी शार्प येतं.

गिचमिडीचं कारण उजेड. प्रतिबिंबात जिथे उजळ भाग आहे तिथे आतलं झाकलं जातं आणि जिथे गडद आहे तिथूनच आतलं दिसतं. म्हणजे गडद कपड्यातली बाई आणि तिच्या मागे उजळ आकाश किंवा उन्हातली भिंत, असं जुळलं की साडी फक्त तिच्या आकारातच दिसेल. सूर्य मावळल्यावर दुकानातले दिवे आणि बाहेरचा उजेड जवळपास सारखे होतात, तो वेळ सोडू नका.

सीपीएलने प्रतिबिंब कमीजास्त करता येतं, पूर्ण घालवायलाच हवं असं नाही, रिंग अर्धवट फिरवून थांबायचं. पण काचेसमोर सरळ उभं राहून त्याचा परिणाम होत नाही, तिरकं उभं राहावं लागतं. तिरकं उभं राहिलात की तुम्हीही काचेतून बाहेर.

धागाकर्ता

खूप खूप आभार! गडद आकारातून आतलं दिसतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग बाईने पांढरा ड्रेस घातला असेल तर साडी दिसणारच नाही का?

प्रतिसाद १

ड्रेसवर नाही दिसणार, पण केस काळे असतात, तिथे काठ किंवा पदर आणता येतो, त्यासाठी तुम्हाला थोडं खाली बसावं किंवा सरकावं लागेल. आणि पावसाळ्यात काळ्या छत्र्या भरपूर असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. काढलेत की इथे टाका, बघायला आवडेल.