गावच्या घरी राउटर कोणता घ्यावा? माजघरापर्यंत रेंज आणि नागपूरहून बागेतील कॅमेरा पाहण्याची सोय हवी

संत्राबाग_वरुड:
नमस्कार मंडळी. आमचे घर वरुड तालुक्यातील एका खेड्यात आहे. समोरची बैठक विटा-सिमेंटची आहे, परंतु माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या भिंती जुन्या, मातीच्या आणि दीड हात जाडीच्या असून वर कवेलू आहेत. त्यामागे टिनाचा कोठा आहे. फायबरची जोडणी घेतली तेव्हा मिळालेले यंत्र बैठकीत बसवले आहे. तेथे वेग उत्तम मिळतो, पण माजघराचा उंबरठा ओलांडला की व्हिडिओ कॉल तुटतो आणि आईला फोन घेऊन अंगणात यावे लागते.

दुसरी गरज बागेची आहे. घरापासून साधारण अडीचशे मीटरवर आमची संत्र्याची बाग आहे आणि फळे तोडणीला आली की चोरीच्या धास्तीने वडील या वयातही रात्री जागलीला जातात. मी नोकरीनिमित्त नागपूरला राहतो; बागेतील कॅमेरा आणि घरी ठेवलेला रेकॉर्डर मला तेथून पाहता यावा, अशी इच्छा आहे. तालुक्याच्या दुकानात आठ अँटेनांचा महागडा राउटर सुचवला आहे, त्याने ही सर्व कामे होतील काय?

अचलपूरकर:
भाऊ, अँटेनांच्या संख्येवर पैसे खर्च करू नका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात किती शक्तीने प्रक्षेपण करावे याची मर्यादा सर्वच राउटरांना सारखी लागू असते, आणि राउटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचे उत्तर राउटरपर्यंत परत पोहोचावे लागते. फोनचे प्रक्षेपण राउटरपेक्षा कमजोर असते, त्यामुळे फोनवर रेघा पूर्ण दिसतात आणि कॉल मात्र तुटतो, असे अनेक घरांत घडते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेग देतो, पण जाड भिंतीपलीकडे तो २.४ पेक्षा लवकर दम तोडतो. मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते तेव्हा दोन्ही पट्टे आणखी क्षीण होतात. वाय-फाय ६ लिहिलेले यंत्र घेतले म्हणून भिंत पातळ होत नाही.

आपल्या घराला खरा उपाय म्हणजे बैठकीतून माजघरापर्यंत कॅट-६ ची तार ओढून तेथे दुसरे साधे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे यंत्र, बसवणे. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला तिच्या चौथ्या हिश्शाचीही गरज पडणार नाही. तारेविना चालणारे मेश संच दुकानदार आग्रहाने दाखवतील, परंतु त्यातील दोन यंत्रांनाही त्याच भिंतीतून एकमेकांशी बोलावे लागते. दोन्ही यंत्रांना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, म्हणजे फोन स्वतःच जवळचे यंत्र धरेल.

उन्हाळ्याचाही विचार करा. घरगुती राउटरांच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाची अट असते आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली तर यंत्र ठेवूच नका. मातीच्या भिंतींचे माजघर रेंजला अडवते, पण यंत्राला थंड ठेवते. म्हणून शक्य असल्यास मुख्य राउटर आणि रेकॉर्डरही तेथेच हलवा. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस जोडला की भारनियमनाच्या वेळीही दोन-तीन तास जोडणी टिकते. मात्र फायबरच्या यंत्रालाही त्याच्यावर घ्या, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद अशी स्थिती होईल.

चांदूरबाजार_शेती:
बागेचा प्रश्न राउटरने सुटणार नाही, त्यासाठी वेगळी जोडी लागते. ५ गिगाहर्ट्झवर चालणारी, एका दिशेने प्रक्षेपण करणारी दोन बाहेरची यंत्रे मिळतात. टीपी-लिंकचे सीपीई५१० हे त्यातले ओळखीचे नाव. एक घराच्या गच्चीवर किंवा पाइपावर आणि दुसरे बागेतील खोलीवर, समोरासमोर बसवावे लागते. अडीचशे मीटर हे अंतर त्यांच्यासाठी किरकोळ आहे, पण मध्ये झाडे येता कामा नयेत, कारण संत्र्याच्या दाट, पाणीदार पानांत हे तरंग शोषले जातात. नुसती नजर आरपार गेली म्हणजे झाले असेही नाही. एवढ्या अंतरावर मध्यभागी दृष्टिरेषेच्या खाली सुमारे पावणेदोन मीटर जागा मोकळी असावी लागते. म्हणून पाइपाची उंची आजच्या झाडांवरून ठरवू नका, झाडे वाढणार हे धरून ठरवा.

शेतात वीज पंपाच्या पाळीप्रमाणे येते, त्यामुळे तेथे सौर पॅनेल हवेच. यंत्र आणि एक कॅमेरा मिळून १५ वॅट धरले तर चोवीस तासांचे ३६० वॅट-तास होतात. ढगाळ दिवस लक्षात घेऊन मी १५० वॅटचे पॅनेल आणि १२ व्होल्टची ८० अँपिअर-तासांची बॅटरी सुचवीन. पंपाची मोटर मात्र या जोडणीवर आणू नका. सिमकार्डवर चालणारा मोबाइल स्टार्टर त्या कामासाठी अधिक भरवशाचा आहे.

संत्राबाग_वरुड:
दोघांचेही मनापासून आभार. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता) १०० ने सुरू होणारा दिसतो, पुढचा आकडा ७२ आहे. इंटरनेटवर तपासले तर वेगळाच पत्ता येतो. नागपूरहून पाहण्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय घ्यावा?

यवतमाळ_तंत्र:
याचा अर्थ असा की, सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्यासह अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातील यंत्राकडे वळवणे) आणि डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणे), म्हणजे दुकानात रिमोट अ‍ॅक्सेस म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक सोयी, राउटर कितीही महाग असला तरी चालत नाहीत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता मिळत असेल तर वायरगार्डची, म्हणजे बाहेरून घरच्या जोडणीत सुरक्षितपणे शिरण्याच्या खासगी वाटेची (व्हीपीएन), सोय असलेला राउटर घ्या. मिळत नसेल तर टेलस्केल (सार्वजनिक पत्त्याशिवायही अशी खासगी वाट जोडणारी सेवा) चालवू शकणारा, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेला राउटर पाहा. जीएल-आयनेटच्या अनेक मॉडेलांत ती सोय आधीपासून असते. यात घरचा राउटर स्वतःच बाहेर संपर्क साधतो, त्यामुळे आत येणारी वाट उघडी ठेवावी लागत नाही.

माझ्या मते, पत्ता मिळाला तरी रेकॉर्डरचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडूच नये. जुने सॉफ्टवेअर आणि कारखान्यातला पासवर्ड असलेले रेकॉर्डर शोधणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात, आणि आपल्या घराचे चित्र परक्याच्या हाती जाणे ही फार गंभीर गोष्ट आहे. राउटरमधील बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद ठेवा, पासवर्ड बदला आणि अपलोडचा वेग तपासून घ्या, कारण नागपूरला पोहोचणारे चित्र घरच्या अपलोडवरच अवलंबून असते.

संत्राबाग_वरुड:
आज कंपनीकडे स्थिर पत्त्याची चौकशी करतो. नकार आला तर टेलस्केलचा राउटर घेतो. माजघराची तार या आठवड्यात ओढून घेऊ. बागेतल्या पाइपावर वीज पडण्याची भीती वडिलांनी बोलून दाखवली आहे.

चांदूरबाजार_शेती:
त्यांची भीती रास्त आहे. पाइपाला स्वतंत्र अर्थिंग करा आणि घराच्या बाजूला गच्चीवरून खाली येणाऱ्या तारेवर इथरनेट सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका जमिनीत वळवणारे उपकरण) बसवून त्याचीही अर्थिंग जोडा. मृगाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की ती तार रेकॉर्डरपासून सोडवून ठेवायला घरच्यांना शिकवा, आणि कोणती तार सोडवायची हे कळावे म्हणून तिला लाल चिकटपट्टी लावा.